सिंगल-स्पीड, फिक्स्ड की गिअरची सायकल? आधी रस्ता मोजा, सायकल नंतर

सायकल घ्यायची ठरली की बहुतेक जण सुरुवात सायकलीपासूनच करतात. आधी एखादी फ्रेम डोळ्यांत भरते, मग रंग, मग "गिअर किती आहेत?" हा प्रश्न, आणि सगळं घरी आल्यावर पहिल्या चढाला कळतं की आपल्या रस्त्याला ही सायकल नाहीच. मग ती कोपऱ्यात उभी राहते. हे इतक्या वेळा बघितलंय की शेवटी सगळं क्रमाने लिहून काढतोय. खाली जे टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने करा, मधला एकही गाळू नका, विशेषतः तिसरा.

त्याआधी एक गोंधळ मिटवूया, कारण अर्ध्या चुका इथूनच होतात. सिंगल-स्पीड म्हणजे एकच गिअर, पण मागे फ्रीव्हील असतं, पाय थांबवले तरी सायकल पळत राहते. फिक्स्ड म्हणजे पण एकच गिअर, पण फ्रीव्हील नाही, मागची चक्री हबलाच, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यालाच, घट्ट बसलेली. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार म्हणजे फिरणारच, उतारावर सुद्धा, वळणावर सुद्धा. दिसायला दोन्ही सारख्या, चालवायला जमीन-अस्मानाचा फरक. गिअरच्या सायकलीत परत दोन जाती: एक डिरेलरवाली, ज्यात डिरेलर नावाचा भाग चेनला एका चक्रीवरून दुसरीवर ढकलतो, आणि दुसरी हब गिअरची, जिचे गिअर मागच्या हबच्या पोटात बंद असतात.

टप्पा १: आठवडाभर रस्त्याची नोंद

सायकल कुठे चालवणार आहात ते रस्ते एकदा नीट बघा. डोळ्याने नाही, मोजून. फोनवर उंची दाखवणारं कुठलंही मॅप अॅप चालेल. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ५ मीटर वर चढला तर तो ५ टक्के चढ, एवढं साधं गणित आहे.

फक्त "चढ आहे" एवढं लिहून उपयोग नाही, तो किती लांब आहे ते पण लिहा. दोनशे मीटरचा ४ टक्क्यांचा उड्डाणपूल वेगाच्या जोरावर निघून जातो, पण तोच ४-५ टक्के दीड-दोन किलोमीटर चालला तर वेग केव्हाच संपलेला असतो आणि सगळा भार मांड्यांवर येतो. सोबत अजून तीन गोष्टी लिहा: रोज किती वेळा पूर्ण थांबून परत निघावं लागतं, पाठीवर किंवा कॅरिअरवर किती वजन असणार, आणि कुठल्या तासाला वारा तोंडावर असतो. वारा लोक धरतच नाहीत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर समोरून सणसणीत वारा असला की तो न दिसणारा चढच असतो, आणि त्याला उतार नसतो.

तपासणी: तुमच्या कागदावर सगळ्यात वाईट ५०० मीटर कुठले ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. सायकल त्या ५०० मीटरसाठी निवडायची आहे, उरलेला रस्ता कुठलीही सायकल सांभाळून घेते.

टप्पा २: दाते मोजा

आता थोडी आकडेमोड. पुढच्या चक्रीचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते म्हणजे रेशो. पुढे ४४, मागे १६ असेल तर २.७५, म्हणजे पॅडलचा एक फेरा झाला की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं.

पण नुसता रेशो दोन वेगळ्या सायकलींमध्ये तुलनेला चालत नाही, कारण चाकांचा आकार वेगळा असतो. म्हणून चाकाचा घेर मोजा. टायर जिथे जमिनीला टेकतं तिथे खडूने टायरवर आणि जमिनीवर एकाच रेषेत खूण करा, सीटवर थोडा भार देऊन सायकल सरळ पुढे ढकला, टायरवरची खूण परत खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा आणि टेपने अंतर मोजा. ७०० सी मापाच्या चाकाला २५ ते २८ मिमीचं टायर असेल तर हे साधारण २.१ मीटर भरतं. त्याला रेशोने गुणा. ४४/१६ साठी २.७५ गुणिले २.१ म्हणजे जवळजवळ ५.८ मीटर. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल इतकी पुढे जाते, आणि हाच आकडा लक्षात ठेवायचा आहे.

यावरून वेग काढता येतो. मिनिटाला ८० फेरे, जे बऱ्याच जणांना आरामात जमतात, तर ४४/१६ वर ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. ६० फेऱ्यांना २१. ४२/१८ घेतलं तर एका फेऱ्याला ४.९ मीटर आणि ८० फेऱ्यांना साडेतेवीस. ४८/१६ म्हणजे सरळ ३ चा रेशो, ८० फेऱ्यांना ३०.

आता हे चढावर लावून बघा, इथे खरी गंमत कळते. १० टक्के चढ, माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, वेग ताशी १०. याला सव्वादोनशे वॅटच्या आसपास ताकद लागते, सायकल कुठलीही असो. ४४/१६ वर या वेगाला मिनिटाला फक्त २९ फेरे पडतात, आणि १७० मिमीच्या क्रँकवर (पॅडल ज्या दांड्याला बसतं तो) प्रत्येक पॅडलला सरासरी ४५ किलोच्या आसपास जोर द्यावा लागतो. तोच चढ, तोच वेग, पण ३४/३२ चा गिअर असेल तर ७५ फेरे आणि जोर १७-१८ किलो. ताकद तेवढीच, वेळ तेवढाच, फरक फक्त गुडघ्यावर. "माझ्या पायात दम आहे, मी एका गिअरवर चढवीन" असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत, दम असला तरी गुडघे रोजचे आहेत.

इशारा: नवीन सिंगल-स्पीड घेताना तिच्यावर जे दाते आलेत तेच आपल्यासाठी योग्य, असं धरू नका. माझी पहिली सिंगल-स्पीड ४८/१६ होती. तीन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीच्या पुढे दुखायला लागलं आणि मी सवय होईल म्हणून तसाच रेटत राहिलो. शेवटी मागची १६ ची चक्री काढून १८ ची टाकली, रेशो ३ वरून २.६७ वर आला, आणि दुखणं हळूहळू गेलं. फ्रेम तीच, सीट तीच, फक्त दोन दाते.

टप्पा ३: एकाच गिअरवर एक आठवडा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. कुणाची तरी गिअरची सायकल आठवड्यासाठी मागून घ्या. तिचे दाते मोजा, आणि २.६ ते २.८ मध्ये बसणारा एक गिअर निवडा. समजा पुढे ५० आणि ३४ आहेत, मागे ११ ते २८, तर ५०/१९ ने २.६३ मिळतं. ३४/१३ ने पण जवळजवळ तेवढंच मिळतं पण तिथे चेन फारच तिरकी चालते, म्हणून ५०/१९ घ्या. चाक लहान असेल तर रेशो नाही, मीटर जुळवा, साडेपाच मीटरच्या आसपास.

मग गिअरच्या खटक्यावर चिकटपट्टी लावा. खरंच लावा, कारण चढ आला की बोट आपोआप तिकडे जातं आणि "आजच्या दिवस" म्हणून गिअर पडतो, मग चाचणीला काही अर्थ राहत नाही.

पहिले तीन दिवस नेहमीसारखी चालवा, पाय थांबवायचे तिथे थांबवा. रोज घरी आल्यावर तीन गोष्टी लिहा: सीटवरून उठून किती वेळा उभं राहून मारावी लागली, कुठे उतरून ढकलावी लागली, आणि उतारावर किंवा वारा पाठीशी असताना पाय नुसते हवेत फिरतायत असं किती वेळा वाटलं.

पुढचे दोन दिवस फिक्स्डची तालीम. नियम एकच, सायकल पुढे जातेय तोवर पाय थांबवायचे नाहीत. फ्रीव्हील आहे त्यामुळे धोका नाही, पण पाय थांबवायची सवय किती खोल आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. खड्डा आला की आपण पाय आडवे धरून उभे राहतो, स्पीडब्रेकरला तेच, वळणावर आतलं पॅडल वर घेतो, फुटपाथला पाय टेकताना तेच. फिक्स्डवर यातलं एकही करता येत नाही. उतारावर बघा, साडेपाच मीटरच्या गिअरवर ताशी ३५ ला मिनिटाला १०६ फेरे पडतात, ४५ ला १३६. कंबर सीटवर उड्या मारायला लागते. तो वेग फिक्स्डवर तुम्हाला पायाने आणि ब्रेकने सतत आवरत राहावा लागणार.

शेवटच्या दिवशी चिकटपट्टी काढा, हवे तसे गिअर वापरा, आणि त्या वाईट ५०० मीटरवर कुठला गिअर पडला ते थांबून बघा, दाते मोजा, लिहा. उतारावर सगळ्यात वरचा, म्हणजे जड, कुठला वापरला ते पण लिहा. हे दोन आकडे पुढे लागणार आहेत.

तपासणी: या आठवड्यात सीटची उंची बरोबर होती ना? टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं तर पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर कुठलाही गिअर जडच वाटतो आणि तुम्ही दोष सायकलीला द्याल.

टप्पा ४: नोंदी वाचा आणि ठरवा

रोज एक मिनिटापेक्षा जास्त वेळ पॅडल कुथत कुथत फिरत असतील, म्हणजे मिनिटाला ४० फेऱ्यांच्या खाली, किंवा एकदा जरी रोजच्या रस्त्यावर उतरून ढकलावी लागली असेल, तर गिअरची सायकल घ्या, यात चर्चेला जागा नाही. मूल बसवणार असाल, किराणा आणणार असाल, लांब पल्ल्याला जाणार असाल तरी गिअरच. थकल्यावर चौथ्या तासाला जो गिअर लागतो तो पहिल्या तासाला लागत नाही, आणि सायकल त्या चौथ्या तासासाठी हवी असते.

नोंदीत फक्त "दोनदा उभं राहावं लागलं" एवढंच असेल आणि बाकी सगळं आरामात झालं असेल तर सिंगल-स्पीड तुमच्यासाठी आहे. देखभाल कमी, बिघडायला फारसं काही नाही, पावसात चालवून आल्यावर चेन पुसली आणि तेल दिलं की काम झालं. डिरेलर, खटके, केबल, जास्तीच्या चक्र्या नसल्यामुळे त्याच दर्जाच्या गिअरच्या सायकलीपेक्षा वजनही किलो-दीड किलो कमी भरू शकतं, जिन्याने वर नेणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

फिक्स्डसाठी माझं मत स्पष्ट आहे: सिंगल-स्पीडची परीक्षा पास झाल्याशिवाय फिक्स्डचा विचार करू नका, आणि ती "साधी, स्वस्त सिंगल-स्पीड" समजून तर अजिबात घेऊ नका. ते दोन तालमीचे दिवस मजेत गेले, पाय न थांबवता चालवण्यात एक लय सापडली, आणि मोकळ्या मैदानात शिकायला दोन-तीन आठवडे द्यायची तयारी असेल तरच. ज्यांना ती लय सापडते त्यांना दुसरी सायकल नकोशी होते, हे पण तितकंच खरं.

मन ठरत नसेल तर फ्लिप-फ्लॉप हबची सायकल बघा, मागच्या चाकाला एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड चक्री. चाक काढून उलटं बसवलं की सायकल बदलते. पण दोन्ही बाजूंचे दाते वेगळे असतील तर चाक पुढे-मागे सरकतं, आणि रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबर दाबून थांबवणारा) असेल तर ब्रेकचे रबर रिमवर परत नीट बसवावे लागतात. चाक उलटवलं आणि तसेच निघाले, रबर टायरला घासतंय, हे नेहमीचं आहे.

टप्पा ५: गिअर ठरले असतील तर

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे गिअर मोजणं. २१ गिअर म्हणजे ११ पेक्षा चांगले असं काही नसतं. उदाहरणच घ्या: पुढे ४८, ३८, २८ आणि मागे १४ ते २८ अशा सात चक्र्या, झाले २१ गिअर. सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या ३.४३ पट. दुसरीकडे पुढे एकच ४० ची चक्री आणि मागे ११ ते ४२ अशा अकरा, इथे तीच पट ३.८२. म्हणजे अकरा गिअरवालीचा पल्ला जास्त. २१ मधले कितीतरी गिअर एकमेकांची नक्कल असतात, आणि काही चेन तिरकी होते म्हणून वापरायचेच नसतात.

तर क्रम असा. टप्पा ३ च्या शेवटच्या दिवशी लिहिलेले दोन रेशो घ्या. समजा खालचा १.१ आणि वरचा २.९ निघाला. २.९ भागिले १.१ म्हणजे २.६४, तुम्हाला २६४ टक्क्यांचा पल्ला हवा. आता हब गिअर बघा: शिमानोच्या तीन गिअरच्या नेक्सस हबचा पल्ला १८६ टक्के, म्हणजे पुरणार नाही. आठ गिअरच्या नेक्ससचा ३०७, पुरून उरतो. शिमानोच्याच अकरा गिअरच्या अल्फिन हबचा ४०९, आणि रोहलॉफ कंपनीच्या चौदा गिअरच्या हबचा ५२६. तुमचा आकडा ३०० च्या आत असेल, रस्ता धुळीचा-चिखलाचा असेल आणि सायकलची रोज काळजी घ्यायला वेळ नसेल तर हब गिअर मनापासून सुचवेन. शिवाय सिग्नलला उभं असताना गिअर बदलता येतो, जे डिरेलरवर जमत नाही, तिथे जड गिअरमध्ये थांबलात की जडमध्येच निघायचं.

पल्ला त्याहून जास्त हवा असेल, किंवा वजन कमी हवं असेल, किंवा वाटेत पंक्चर स्वतः काढायचं असेल, तर डिरेलर. हब गिअरचं मागचं चाक काढायचं तर केबल सोडवा, नट ढिले करा, परत जुळवा, रस्त्याच्या कडेला अंधारात हे नकोसं होतं.

आणि हलक्या गिअरवर तडजोड करू नका, वरचा जड गिअर कमी पडला तर उतारावर पाय थांबवता येतात, खालचा कमी पडला तर उतरून चालावं लागतं.

इशारा: जुनी किंवा पडलेली डिरेलरवाली सायकल घेताना मागून, चाकाच्या रेषेत डोळा ठेवून बघा. डिरेलर ज्याला लटकतं तो हँगर आत वाकलेला असेल तर सगळ्यात हलक्या गिअरला डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतं, आणि ते नेमकं चढावर होतं, पूर्ण जोर लावलेला असताना. डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची, म्हणजे वरच्या आणि खालच्या पुलीची, रेषा चक्र्यांना समांतर दिसली पाहिजे.

टप्पा ६: सिंगल-स्पीड ठरली असेल तर

नवीन घेत असाल तर काम सोपं आहे. दाते मोजा, मीटर काढा, साडेपाचच्या आसपास असतील तर घ्या, जास्त असतील तर मागचं फ्रीव्हील एक-दोन दाते मोठं बसवून मागा. मागचा एक दाता बदलला की साधारण ६ टक्के फरक पडतो, पुढे तोच फरक पाडायला जवळजवळ तीन दाते लागतात, म्हणून बदल नेहमी मागे करा.

जुनी गिअरची सायकल सिंगल-स्पीड करणारे मात्र भरपूर चुकतात. सगळ्यात आधी फ्रेमला मागचं चाक जिथे बसतं ती खाच बघा. खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर चाक सरकतच नाही, मग चेन ताणायला वेगळा टेन्शनर लागतो. आणि उभी खाच असलेल्या फ्रेमची फिक्स्ड करायला जाऊ नका, स्प्रिंगवाला टेन्शनर फिक्स्डवर चालत नाही, पायाने मागे जोर दिला की चेनचा खालचा भाग ताणला जातो आणि टेन्शनर तुटतो किंवा चेन उडते.

मग चेन. रुंदीचे दोन प्रकार आहेत, १/८ इंच आणि ३/३२ इंच. रुंद १/८ ची चेन अरुंद चक्रीवर चालते, पण ३/३२ ची चेन १/८ च्या जाड दात्यांवर बसतच नाही. चेन विकत घ्यायच्या आधी दोन्ही चक्र्या बघा.

मग रेषा. सायकलच्या मागे बसून एक डोळा मिटून बघा, मागच्या चक्रीपासून पुढच्या चक्रीपर्यंत चेन एकदम सरळ दिसली पाहिजे. तिरकी असेल तर आवाज करते, दाते लवकर झिजतात, आणि वाईट म्हणजे उतरते.

शेवटी ताण, आणि हे जरा सावकाश करा. पुढची चक्री कधीच शंभर टक्के गोल नसते, त्यामुळे क्रँक फिरवली की चेन एका जागी घट्ट होते आणि दुसऱ्या जागी सैल. सायकल उलटी ठेवा, क्रँक इंच-इंच फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा, आणि तिथे मधोमध चेन वर-खाली हलवून बघा. १० ते १२ मिमी हलली पाहिजे. सैल जागेवर ताणाल तर घट्ट जागेवर चेन तारेसारखी होईल, पॅडल अडखळत फिरेल आणि बेअरिंग खराब होतील. चाक बसवताना एका बाजूचा नट हलका आवळा, चाक दुसऱ्या बाजूला ढकला, तो नट आवळा, परत पहिला, असं पावलं टाकत चाक मागे न्या. दोन्ही नट एकदम सैल करून ओढाल तर चाक तिरकंच बसणार.

तपासणी: मागच्या चाकाला नट असतील तर त्या मापाचा पाना, बहुतेक वेळा १५ मिमीचा, सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या. ट्यूब आहे, पंप आहे आणि पाना नाही, म्हणून पंक्चर झालेली सायकल पाच किलोमीटर ढकलत नेणारे मी बघितलेत.

टप्पा ७: फिक्स्ड ठरली असेल तर

हब. फिक्स्डची चक्री सरळ आट्यांवर फिरवून बसते, आणि तिच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे चक्रीला धरून ठेवणारी कडी, बसते. तुम्ही पायाने मागे जोर देता तेव्हा चक्री सुटायला बघते, पण तोच जोर लॉकरिंगला आवळतो, म्हणून ती जागेवर राहते. काही जण फ्रीव्हीलच्या साध्या हबवर चक्री फिरवून, वर सरळ आट्यांची रिंग लावून किंवा नुसता चिकट द्राव टाकून फिक्स्ड बनवतात. हे करू नका. एक दिवस जोर दिल्यावर चक्री सुटते आणि पायाने थांबवायची सगळी सोय त्याच क्षणी जाते.

ब्रेक. पुढचा ब्रेक हवाच, आणि शिकत असाल तर दोन्ही ठेवा. जोरात थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे पायाने मागचं चाक कितीही आवरलं तरी पुढच्या ब्रेकइतकं लवकर थांबता येत नाही. चेन उतरली तर पायाचा ब्रेक उरतच नाही. तुमच्याकडे रस्त्यावर किती ब्रेक लागतात हा नियमही बघून घ्या, पण नियम नसता तरी मी ब्रेक लावलाच असता.

पाय. पाय पॅडलला धरून ठेवणारं काहीतरी हवंच, टो-क्लिप (बुटाच्या टोकाला धरणारा पिंजरा) आणि पट्टा, किंवा पॅडलमध्ये अडकणारे क्लिप-इन शूज. उतारावर १२० फेऱ्यांना पाय पॅडलवरून सुटला तर ते फिरतं पॅडल नडगी फोडतं, आणि परत पाय ठेवता येत नाही.

क्रँक. वळणावर आतलं पॅडल खाली असेल आणि सायकल झुकलेली असेल तर पॅडल जमिनीला लागून मागचं चाक उचललं जातं. म्हणून १६५ मिमीची क्रँक बरी. हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतंय का ते पण जागेवरच तपासा.

ज्यांना स्किड करायचीय, म्हणजे पायाने मागचं चाक अडवून घसरवत थांबायचंय, त्यांच्यासाठी दात्यांचं एक गणित आहे. रेशो पूर्णांकात सोपा करा, खालचा आकडा म्हणजे टायर किती ठिकाणी घासलं जाणार तो. ४८/१६ म्हणजे ३/१, एकाच जागी, टायर तिथेच लवकर फाटणार. ४६/१६ म्हणजे २३/८, आठ जागा. ४७/१७ सोपा होतच नाही, म्हणून सतरा. हे एकच पाय नेहमी पुढे ठेवणाऱ्यांसाठी आहे.

शिकण्याचा क्रम: पहिले काही दिवस मोकळं मैदान, फक्त निघणं आणि थांबणं. निघताना पॅडल योग्य जागी हवं असेल तर मागचं चाक उचलून फिरवावं लागतं, कारण पॅडल नुसतं मागे घेता येत नाही. थांबताना पाय एकदम आखडायचे नाहीत, पॅडल वर येताना हळूहळू दाबत वेग कमी करायचा आणि बरोबर पुढचा ब्रेक. मग मोठी वळणं, मग छोटे उतार. रहदारीत जायच्या आधी अशी चाचणी घ्या की कुणी अचानक "थांब" म्हणालं तर पाय विसरून हात ब्रेकवर जातो का.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: फिक्स्डचं चाक फिरत असताना चेनला किंवा चक्रीला हात, फडकं, काहीही लावू नका. फ्रीव्हीलवर बोट अडकलं तर क्रँक थांबते, फिक्स्डवर फिरणारं चाक बोटाला आत ओढून घेतं, आणि अशाने लोकांची बोटं तुटलेली आहेत. साफ करायची तर क्रँक थोडी फिरवा, चाक पूर्ण थांबलं की पुसा, हात काढा आणि मगच परत फिरवा. पँटचा पाय आणि बुटाची लेस पण निघायच्या आधी आत खोचा.

टप्पा ८: पहिले ३०० किलोमीटर

नवीन केबल जागेवर बसून सैल पडतात, नट थोडे सैल होतात, चेन जराशी लांबते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकदा सगळं परत आवळायचं. सिंगल-स्पीड आणि फिक्स्डवर चेनचा ताण, डिरेलरवर केबल.

चेनची झीज साध्या पट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नवीन चेन ३०४.८ मिमी भरते. दहा गिअरपर्यंतच्या डिरेलरवर हे ३०७ झालं की चेन बदला, अकरा-बारा गिअरच्या डिरेलरवर त्याच्याही आधी, ३०६.३ ला. उशीर केलात तर चेनबरोबर कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) पण जाते. सिंगल-स्पीडवर दाते उंच आणि चेन सरळ असल्यामुळे ३०८ पर्यंत चालवली तरी निभावतं.

या काळात गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागली तर सवय होईल म्हणत बसू नका. आधी सीट तपासा. सीट बरोबर असेल तर एका गिअरवाल्यांनी मागे एक दाता वाढवा, गिअरवाल्यांनी आठवडाभर एक गिअर हलका ठेवा. आठ दिवसांत फरक पडला नाही तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा.